उन्हाळ्यातलं संशोधन: बिलांवरचा निधी की महिन्याचं मानधन?

बी.ए.ला इतिहास, मराठी किंवा तत्त्वज्ञान घेतलेल्यांना उन्हाळ्यात संशोधन करायचं असेल, तर पैशाचे मार्ग मोजकेच. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आणि जर्मनीची डाड-वाइज शिष्यवृत्ती, दोन्ही विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांच्या. कॅनडाच्या मायटॅक्स या संशोधन-इंटर्नशिपमध्ये मानव्यविद्येलाही जागा असते, 12 आठवडे मिळतात. पण अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो. त्यामुळे माझ्यासमोर दोनच पर्याय उरले होते. एक, स्वतःचा विषय घेऊन कॉलेजचा छोटा प्रकल्प-निधी मागायचा. दुसरा, एखाद्या प्राध्यापकांच्या चालू प्रकल्पात मानधनावर साहाय्यक व्हायचं. पहिल्या वर्षानंतर मी पहिला घेतला, दुसऱ्या वर्षानंतर दुसरा.

स्वतःच्या विषयाची ओढ वेगळीच असते, हे आधी मान्य करतो. मला पाटीलकीच्या भांडणांचे महजर, म्हणजे सभेने दिलेले जुने लेखी निवाडे, वाचायचे होते. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपल्या पेशवे दफ्तरात, रुमालाची, म्हणजे कागद बांधलेल्या कापडाची, गाठ सोडून पहिला कागद समोर आला तो दिवस अजून आठवतो. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली आणि तिला लटकवल्यासारखी मोडी लिपीची अक्षरं, हात न उचलता लिहिलेली. त्या दिवशी मी पाच ओळी लावल्या, पण त्या माझ्या होत्या. कुणी सांगितलं म्हणून मी तो कागद उघडला नव्हता.

अडचण आली ती बिलांची. निधी मंजूर झाला तरी हातात काहीच आलं नाही. आधी खर्च करा, बिलं जोडा, मग पैसे मिळतील, असा नियम. आता आमचा खर्च कशावर होतो ते पाहा. परीक्षा संपली की हॉस्टेल रिकामं करावं लागतं, म्हणून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. काकू भाडं रोख घेत, पावती देत नसत. मेसचं कार्ड होतं, पण जेवण निधीच्या कुठल्याच शीर्षात बसत नव्हतं. मोडी शिकवणारे आजोबा पैशाचं पाकीट निमूटपणे खणात ठेवायचे. त्यांच्याकडे पावती मागायला माझी जीभ रेटली नाही. झेरॉक्सच्या पावत्या तेवढ्या जोडल्या, तर शिक्का नाही म्हणून त्या परत आल्या. दुकानदारानं नवीन करून दिल्या, तोवर ज्यांची सही हवी ते रजेवर गेले होते. पैसे दिवाळीच्या सुट्टीआधी जमा झाले, तेही मी खर्च केलेल्याच्या निम्म्याहून कमी. मधल्या काळात वडिलांनी सोसायटीच्या कर्जातून पैसे दिले, ते मला अजून लागून राहिलं आहे.

रसायनशास्त्राच्या मित्राला याच योजनेत काहीच त्रास झाला नाही. त्याची रसायनं एका दुकानातून, एका बिलावर आली. आमच्याकडे उपकरण नसतं. आम्हाला त्या गावात राहायला लागतं आणि दिवस मोकळा लागतो. दफ्तर सरकारी वेळेत चालतं, आणि 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यावर शनिवारही गेला. म्हणजे कॉलेज चालू असताना तिथे बसणं जवळपास अशक्य, आणि उन्हाळ्यात बसायचं तर आधी राहण्या-जेवणाची सोय हवी. बिलांवरचा निधी नेमका तोच खर्च धरत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका मॅडमच्या प्रकल्पात लागलो. विषय त्यांचा: जकातीचे मोडी कागद बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे. रोज तेच आकडे, तीच गावं. पहिला आठवडा कंटाळवाणा गेला, खोटं कशाला सांगू. पण पाच तारखेला मानधन खात्यात आलं. मेसचे पैसे मी स्वतः भरले आणि घरी फोन करून काही मागितलं नाही. शिवाय रोज एवढी मोडी डोळ्यांखालून गेली की वाचायचा वेग कितीतरी वाढला. आदल्या वर्षी ज्या महजरावर मी तीन दिवस अडलो होतो, तो एका दुपारी लागला.

ज्यांचं घर पुण्यातच आहे, ज्यांना राहण्या-जेवणाची चिंता नाही, त्यांना कदाचित पहिला पर्याय जास्त मानवेल. विषय स्वतःचा असण्याची किंमत मी कमी लेखत नाही. शिवाय माझ्या कॉलेजात झालं तेच सगळीकडे होत असेल असंही नाही. काही ठिकाणी आगाऊ रक्कम देतात असं ऐकलं आहे, तशी मिळत असेल तर हिशोब पूर्ण बदलतो. म्हणून अर्ज भरण्याआधी विभागात एकच प्रश्न विचारा: पैसे कधी मिळतात आणि कशावर? उत्तरात ‘बिलं’ हा शब्द आला आणि तुम्ही बाहेरगावचे असाल, तर मी तरी मानधनाकडेच वळेन.

स्वतःचा विषय त्यासाठी सोडावा लागतोच असं नाही. मी रुजू होतानाच मॅडमना विचारलं होतं, “शुक्रवारची दुपार माझ्या महजरांना दिली तर चालेल का?” त्या म्हणाल्या, “चालेल की. पण काय सापडलं ते सोमवारी मला सांगायचं.” त्या उन्हाळ्यात अशा सहा शुक्रवारच्या दुपारी मिळाल्या, आणि तिसऱ्या वर्षाचा माझा प्रकल्प त्यांतूनच उभा राहिला.