नवखा क्वार्टरबॅक: पहिल्या रविवारीच उतरवायचा की वर्षभर बसवायचा?

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये वरच्या नंबरावर क्वार्टरबॅक (टीमचे पास टाकणारा मुख्य गडी) घेतला की त्या टीमच्या चाहत्यांत दोन तट पडतात. ह्यूस्टनमध्ये राहून माझं दोन्हीकडे नांदून झालंय.

‘बसवा’वाल्यांकडे नावं भारी आहेत. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स 2017 चा जवळजवळ अख्खा हंगाम अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे राखीव म्हणून बसला, शेवटच्या आठवड्यात एक सामना खेळला आणि पुढच्या वर्षी 50 टचडाउन (चेंडू थेट गोलपट्टीत पोचवणारे) पास टाकून एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. ग्रीन बेच्या एरन रॉजर्सने ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षं काढली. शिवाय आमच्या गावाची जुनी जखम आहेच. 2002 मध्ये ह्यूस्टनची टेक्सन्स नवीकोरी टीम, ड्राफ्टमधला पहिलाच खेळाडू डेव्हिड कार, आणि तो पहिल्या सामन्यापासून मैदानात. त्या हंगामात तो 76 वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडला गेला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, पण कारला ढकललं त्या पाण्यात मगरी होत्या.

म्हणून 2023 च्या ऑगस्टमध्ये सरावाच्या पहिल्या सामन्यात टेक्सन्सचा नवा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड याने पहिल्याच खेपेला इंटरसेप्शन दिलं (पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात), तेव्हा मी शेजाऱ्याला ठणकावून सांगितलं, ‘वर्षभर बसवा याला.’

त्याच वर्षी मुलांच्या फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायचा खेळ) टीमला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माझं तत्त्व मी तिथे लगेच लागू केलं. एक मुलगा थोराड, अनुभवी. दुसरा वयाने लहान, पण हात त्याच्यापेक्षा गोड. धाकट्याला सांगितलं, ‘तू बघून शीक.’ आठवड्यातून दोनदा तासभर सराव, आणि त्यातले सगळे पास थोरला टाकायचा. धाकट्याला मी येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचे प्ले वहीच्या पानावर काढून द्यायचो. आमच्या बचावाला सराव व्हावा म्हणून तो ते चालवायचा. सातव्या शनिवारी थोरला तापाने पडला.

पहिला स्नॅप, म्हणजे खेळ सुरू करताना सेंटर मागे देतो तो चेंडू, धाकट्याच्या डोक्यावरून गेला. सेंटरला थोरल्याच्या छातीच्या उंचीची सवय झाली होती, त्याचा दोष नाही. चेंडू जमिनीला लागला, शिट्टी. पुढचा पास उत्तम टाकला, पण रिसीव्हर अजून वळलाच नव्हता. चेंडू त्याच्या पाठीत. सहा आठवड्यांत पोराला सहा परक्या टीमचे प्ले तोंडपाठ झाले होते, आमचा एकही हाताखालून गेला नव्हता.

मला खुपतं ते एवढंच, पण त्यानेच माझं मत फिरवलं. एनएफएलमध्येही हंगाम सुरू झाला की मुख्य अकरांबरोबरचे जवळजवळ सगळे स्नॅप स्टार्टर घेतो. मागचा गडी स्काउट टीमबरोबर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत राहतो. लीग आणि खेळाडूंच्या 2011 च्या करारानंतर तर पॅड घालून, म्हणजे धडकाधडकीचा, सराव हंगामभरात 14 च. मग ‘बसून शिकतो’ म्हणजे नेमकं काय शिकतो? मीटिंग, फिल्म, शिस्त, हे सगळं मिळतं. मान्य. पण टायमिंग कुठून येणार?

महोम्सचं उदाहरण खोटं नाही. फक्त बसून वाया गेलेल्यांची आठवण कुणी काढत नाही. टेनेसीचा जेक लॉकर 2011 मध्ये मॅट हॅसलबेकच्या मागे बसला होता. 2015 मध्ये त्याने खेळच सोडला. उलट पेटन मॅनिंगने 1998 मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळत 28 इंटरसेप्शन दिली, टीम 3-13 (3 जिंकले, 13 हरले). पुढच्या वर्षी तीच टीम 13-3.

मधला मार्गही आहे. 2024 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी नवखा क्वार्टरबॅक ड्रेक मे याला सहाव्या आठवड्यापर्यंत स्टार्टर केलं नाही आणि मग आमच्याच टेक्सन्ससमोर उतरवलं. हरले 41-21, पण पोरगं बावरलेलं दिसलं नाही. तुमच्या टीमची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) कारच्या वेळेसारखी चाळण असेल, तर असं थोडं थांबायला माझी हरकत नाही. माझ्या मते महिना-सव्वा महिना पुरे. वर्षभर थांबवायचं तर त्याला मुख्य अकरांबरोबर रोज थोडे तरी स्नॅप द्यायची कोचची तयारी हवी, आणि तशी तयारी असलेला कोच माझ्या तरी पाहण्यात नाही.

धाकट्याच्या त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, 5 नोव्हेंबरला, स्ट्राउडने टँपा बेविरुद्ध 470 यार्ड आणि पाच टचडाउन टाकले. शेवटचा पास 6 सेकंद उरले असताना. टेक्सन्स 39-37 ने जिंकले. शेजारी कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘मग, बसवायचा?’