इंग्रजीच्या तासासाठी उपक्रम-कार्डांचा संच: वापरानंतरचा अभिप्राय
१३ ते १६ वर्षांच्या मुलांना इंग्रजी अजिबात येत नाही असे नसते. मित्रमैत्रिणींसमोर चुकण्याच्या भीतीने ती गप्प बसतात, आणि हा संच नेमका तिथेच उपयोगी पडतो.

त्यातील सर्वांत सरस उपक्रम म्हणजे धावते श्रुतलेखन. परिच्छेद भिंतीवर चिकटवायचा, जोडीतील एकाने तो वाचून, लक्षात ठेवून परत यायचे आणि दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याने तो लिहून घ्यायचा. वाचन, उच्चार, श्रवण आणि लेखन ही चारही अंगे एकाच खेळात येतात. माझ्या वर्गात एरवी मान खाली घालून बसणारी एक मुलगी, जोडीदाराने ‘थरो’ (thorough) ऐवजी ‘थ्रू’ (through) लिहिले म्हणून, स्पेलिंग पाहायला चार वेळा भिंतीपर्यंत धावली. तिचा इतका मोकळा आवाज मी प्रथमच ऐकला.

अर्ध्या-अर्ध्या माहितीचे खेळही, म्हणजे जोडीतील प्रत्येकाकडे अर्धीच माहिती असते असे खेळ, मला मनापासून आवडले, कारण प्रश्न विचारल्यावाचून जोडीचे काम पुढे सरकतच नाही. व्याकरणाची कार्डे मात्र गाळलेल्या जागा भरण्यापलीकडे जात नाहीत, आणि संवादांचे प्रसंग या वयाला बाळबोध वाटतात. शिवाय टाइप इतका बारीक आहे की भिंतीवर लावायचा प्रत्येक परिच्छेद मला मोठा करून छापावा लागला.