होजिअरीच्या चिंध्यांचा कॉटन पेपर, दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

पत्रिका, छोट्या पुस्तिका, मंडळाच्या स्मरणिका असली कामं करणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण या कागदाबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक विकणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं आणि महिनाभराने शेड कसा दिसतो, पावसात काय होतं हे कोणी सांगत नाही. मागच्या दिवाळीपासून मी हा वापरतेय, होजिअरीच्या कतरनीपासून बनवलेला, मशीनमेड, अनकोटेड म्हणजे वर गुळगुळीत लेप नसलेला, किंचित हस्तिदंती, १२० आणि २५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, जितकं जास्त तितका कागद जाड). लग्नपत्रिका, कवितांच्या पुस्तिका आणि इथल्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं कव्हर, सगळं इंदूरमध्येच छापलं, जास्त ऑफसेटवर आणि थोडं ट्रेडलवर, म्हणजे ठसा दाबून छापणाऱ्या जुन्या मशीनवर.

कागद सुंदर आहे, मी घेत राहणार. पण हा घेतला म्हणजे काम आपोआप पर्यावरणाला बरं झालं असं नाही, त्यातलं निम्मं डिझाइनवाल्याच्या फाइलमध्ये ठरतं.

आधी कागद का चांगला ते. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, लाकडात ते साधारण ४०-५० टक्केच आणि सोबत लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून ठेवणारं द्रव्य, ते काढायला मिलमध्ये लाकडाच्या चिप्स केमिकलमध्ये शिजवाव्या लागतात, मग ब्लीच, आणि न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन तसंच राहतं म्हणून पेपर उन्हात पडला की पिवळा होतो. चिंध्यांना एवढी शिजवाशिजवी लागत नाही, शिवाय त्या कापड कापताना उरलेल्याच असतात. कापसाचा धागा लांब, त्यामुळे पातळ कागदही चिवट लागतो. हाताला ओळखीचा वाटतो ना, कारण आपल्या नोटा पण कॉटनच्याच, नोटांचा कागद बनवणारी नर्मदापुरमची सिक्युरिटी पेपर मिल १९६८ची, आणि छपाईची बँक नोट प्रेस तर इथे शेजारी देवासला. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असेल तर कागदावर मारून बघा, निळा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारं केमिकल आहे, नोट अशी चमकत नाही. माझा कागद थोडा चमकला, मिलने काही घातलं नव्हतं, पण पांढऱ्या बनियन-टीशर्टच्या कापडातच ब्राइटनर असतो आणि तो कागदात उतरतो, तेव्हा "काहीच केमिकल नाही" असं कोणी म्हणालं तर एवढं विचाराच.

लाकडाचा कागद म्हणजे जंगलतोडच असंही नाही हं. एकेकाळी होतं तसं, आपल्या नेपानगरची देशातली पहिली न्यूजप्रिंट मिल, १९५६ला नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेली, ती सलई आणि बांबूवर चालायची आणि ते जंगलातूनच यायचं. पण १९८८च्या वननीतीने कारखान्यांना सांगितलं की लाकूड शेतकऱ्यांकडून घ्या, आणि आता बऱ्याच मिल सुबाभूळ, निलगिरी शेतातली घेतात. उसाच्या चिपाडाचा पण छान येतो, तमिळनाडूत करूरजवळ टीएनपीएल हेच करते. तेव्हा दीडशे पानांच्या पुस्तकाला कॉटन घेऊ नका, महाग पडेल आणि गरजही नाही, हा मला मॅपलिथोच्या, म्हणजे पुस्तकांच्या साध्या छपाईच्या कागदाच्या, तिप्पट-चौपट पडला.

आता फाइल. सगळ्यात मोठा फरक साइजचा. सगळ्यांना चौकोनी ७ बाय ७ इंचाची पत्रिका हवी असते, ती २० बाय ३० च्या शीटमध्ये ८ बसते आणि एक तृतीयांशाहून जास्त कागद कटिंगमध्ये जातो, तीच पत्रिका पावणेपाच बाय सव्वासात केली आणि कडेपर्यंत रंग नेला नाही तर त्याच शीटमधून १६ निघतात, ग्रिपरला, म्हणजे मशीन शीट जिथे पकडतं त्या कडेला, जागा पण उरते. एवढा महाग, एवढ्या निगुतीने बनवलेला कागद आणि तिसरा हिस्सा कटिंगवाल्याच्या पोत्यात, हे मला बघवत नाही, म्हणून क्लायंट आला की मी आधी शीटची साइज विचारते आणि मग डिझाइनला बसते.

अनकोटेड आहे त्यामुळे शाई पिते, छपाईचा बारीक ठिपका म्हणजे डॉट फुगतो. आर्ट पेपरसाठी केलेला फोटो तसाच टाकला तर चेहरे काळवंडतात, मिडटोन म्हणजे मधल्या छटा उजळ कराव्या लागतात, फाइलला कलर प्रोफाइल (कोणत्या कागदावर रंग कसा उतरेल याची सेटिंग) अनकोटेडचंच लावा, फोग्रा५२ वगैरे, त्यात चारही रंगांची मिळून एकूण शाईची मर्यादा ३०० टक्के आहे पण मी त्याच्या बरीच खाली राहते, नाहीतर वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला डाग लागतो. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर. आणि देवनागरीवाल्यांनी हे नक्की बघा, लहान अक्षरात द्ध, क्ष, ह्य यांची पोटं भरून जातात, गडद पट्टीवर पांढरा मजकूर असेल तर जास्तच. मुक्ता रेग्युलर ११ पॉइंटला स्वच्छ आली, पण मला जास्त आवडला तिरो देवनागरी मराठी, त्याच्या बारीक रेघांना या कागदावर जरा अंग येतं. २५० वर डिझाइनचा धातूचा ठसा म्हणजे ब्लॉक करून ट्रेडलवर दाबलं तर ठसा इतका खोल आणि नितळ उतरतो की शाई नको, नुसता दाबच पुरे.

लॅमिनेशन करू नका. प्रेसवाले भैया दरवेळी म्हणतात की कव्हर घासलं जाईल, आणि गडद सॉलिड, म्हणजे सलग भरलेला रंग, असेल तर खरंच घासलं जातं, पण प्लास्टिकची फिल्म चढवली की रद्दीत त्याचा लगदा करणं अवघड होऊन बसतं, मग एवढं शोधून आणलेल्या कागदाचा उपयोग काय. कव्हरवर सॉलिड कमी ठेवा, प्रश्नच मिटतो.

तक्रारी दोन. एक, लॉट बदलला की शेड बदलतो, दुसऱ्या वेळचा माल सरळ सरळ पिवळसर आला, शेजारी ठेवले तर कोणालाही दिसेल, आणि पुरवणाऱ्याने आधी सांगितलं नव्हतं. दोन, हवा. जुलैत उघड्या रिमच्या कडा ओल ओढून लाटा घेतात, मे महिन्यात उलट कडा सुकून आकसतात आणि मधे फुगवटा येतो, दोन्ही वेळी मशीनवर रजिस्टर हलतं, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. पॅकिंग न फोडता रिम एक-दोन दिवस प्रेसमध्येच ठेवायची आणि लागेल तेवढीच उघडायची. घडी ग्रेनच्या, म्हणजे कागदाच्या तंतूंच्या, दिशेनेच, २५० ला क्रीजिंगशिवाय, म्हणजे आधी घडीची रेघ दाबून घेतल्याशिवाय, नाही. डिजिटल टोनरवर मला नाही आवडला, खडबडीत भागात टोनर बसत नाही आणि घडीवर तडकतो, दहा-वीसच कार्ड हवी असतील तर गुळगुळीत दुसरा काही बघा.

पुढच्या स्मरणिकेला आतली पानं चिपाडाच्या कागदाची आणि कव्हर या २५० चं असं ठरलंय, ऑर्डर पाऊस संपल्यावर देणार आणि सगळा माल एकाच लॉटचा हवा हे यावेळी लेखी मागितलंय.