कोरलवॉचचं रंगकार्ड: विद्यार्थ्यांच्या हातात कितपत टिकतं?

उष्ण कटिबंधातल्या समुद्रात सागरी जीवशास्त्राची सहल नेताना एक अडचण हमखास येते. चार दिवसांपूर्वी स्कूबा शिकलेल्या मुलांना पाण्याखाली मोजायला द्यायचं काय? मासे मोजायला सांगावं तर प्रजाती ओळखण्यातच डाइव्ह संपते. चौकट टाकून मोजायला सांगावं तर चौकट सावरताना पायातले फिन प्रवाळावर आपटतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या, प्रवाळांचं आरोग्य तपासणाऱ्या कोरलवॉच प्रकल्पाचं प्लॅस्टिकचं रंगकार्ड अशा वेळी कामाला येतं.

कार्ड चौकोनी, हातात मावणारं. चार कडांवर बी, सी, डी, ई अशा चार रंगछटा आणि प्रत्येक छटेच्या सहा पायऱ्या: १ म्हणजे सगळ्यात फिकी, ६ म्हणजे गडद. प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली शैवालाचा असतो. पाणी जास्त दिवस तापलेलं राहिलं की हे शैवाल कमी होतं आणि पारदर्शक ऊतीतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. कार्ड हाच फिकेपणा मोजतं. म्हणून खरं महत्त्व आकड्याला. अक्षर चुकलं तरी फारसं बिघडत नाही.

‘पाण्याखाली रंग बदलतात, मग हे चालतं कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. दहा मीटरवर लाल रंग बराचसा गेलेला असतो. पण कार्ड प्रवाळाला खेटून धरलं की दोघांवर उजेड एकच पडतो, त्यामुळे तुलना टिकते. हातभर लांबून पाहिलं, आपली सावली एकावरच पडली किंवा टॉर्च मारला, की आकडा फसवा. खेटून म्हणजे टेकवून मात्र नव्हे. लाटेचा हेलकावा असेल तर कार्डाचा कोपरा प्रवाळाला खरवडतो; अशा जागी मोजणी सोडून द्यावी.

एका प्रवाळाचे दोन आकडे घ्यायचे: सर्वांत फिक्या भागाचा आणि सर्वांत गडद भागाचा. समजा फांद्यांचं प्रवाळ समोर आहे. फांदीचं टोक पांढरं दिसतं, आणि नवखा विद्यार्थी लगेच १ लिहितो. ते टोक वाढीचं असतं, तिथे शैवाल मुळातच विरळ. टोक वगळून खाली यायचं, कार्ड फिरवत जवळची छटा शोधायची, मग पाटीवर उतरवायचं: फांद्यांचं, डी२, डी५. फांद्यांचं, गोट्यासारखं, ताटासारखं की मऊ, एवढाच प्रकार नोंदवायचा असतो. प्रजातीचं नाव लागत नाही, आणि नवख्यांसाठी कार्डाची हीच सगळ्यात जमेची बाजू.

एका जागी निदान २० प्रवाळ तरी हवेत. हवेचा हिशेब बघा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बार दाबाला भरलं तर २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले की वापरायला १८००. पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर ओढणारा नवखा दहा मीटरवर, दाब दुप्पट असल्यामुळे, ५० ओढतो, म्हणजे ३६ मिनिटं. त्यातून उतरणं, चढणं आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा वजा करा. हाती राहतात जेमतेम २५. प्रत्येक प्रवाळाला सव्वा मिनिट. जोडीतल्या एकाने कार्ड धरलं आणि दुसऱ्याने लिहिलं तरच हे जमतं. लिहायला लाकडी पेन्सिल, दोरीने पाटीला बांधलेली. क्लचपेन्सिलची स्प्रिंग गंजते.

आता दोष. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढलं की ते गडद दिसतं आणि मुलं बिनधास्त ५ लिहितात. जवळ जाऊन ऊती जिवंत आहे का हे बघायला आधी शिकवावंच लागतं. निळ्या-जांभळ्या प्रवाळांना कार्डावर जोडीच नाही. काही प्रवाळ तर ताणाखाली फिके पडण्याऐवजी झगझगीत निऑन रंगाचे होतात. ते आजारी असतात आणि कार्ड मुकं राहतं. तिसरा दोष माणसाचा: नजर आपोआप पांढऱ्या प्रवाळाकडेच ओढली जाते. उपाय सोपा, पाच वेळा फिन मारायचे आणि नाकासमोर येईल ते प्रवाळ घ्यायचं, आवडो न आवडो.

दोघांच्या वाचनात एका पायरीचा फरक पडतोच, त्याने बिचकू नये. त्याच जागी दोन किंवा जास्त पायऱ्यांचा बदल दिसला तरच त्याला अर्थ आहे. त्यामुळे एका सहलीच्या आकड्यांवरून ‘प्रवाळभित्ती मरतेय’ असा अहवाल लिहू देऊ नका. तारीख, वेळ, खोली, पाण्याचं तापमान आणि नेमकी जागा नोंदवून आकडे प्रकल्पाच्या संकेतस्थळावर भरा.

सहलीआधी जमिनीवर रंगीत कापडांच्या तुकड्यांवर एक तास सराव, मग तरणतलावात कार्ड हातात धरून गुडघे न टेकवता स्थिर राहणं. ज्याला हे दुसरं जमत नाही त्याला स्नॉर्केल देऊन वरूनच उथळ भाग मोजायला लावावा; कार्ड तिथेही तितकंच चालतं.

घरच्या प्रिंटरवर कार्ड छापायचा मोह टाळा, रंग जुळत नाहीत. वापरून झालं की गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. बोटीवर उन्हात पडलेलं कार्ड हळूहळू फिकं पडतं आणि मग सगळी भित्ती गडद, म्हणजे ठणठणीत दिसू लागते. एक कोरं कार्ड काळ्या पाकिटात बंद ठेवून द्या आणि प्रत्येक सहलीआधी बाकीची त्याच्याशी ताडून बघा.