पासष्टीनंतरची बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया: एका विभागाच्या सेवेबद्दल

माझ्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाईंवर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया पुण्यातील एका खासगी रुग्णालयात झाली. काही तक्रारीही लिहायच्या असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही.

शल्यचिकित्सकांच्या पथकाला मी पूर्ण गुण देईन, ते प्रामुख्याने त्यांनी घाई केली नाही म्हणून. या शस्त्रक्रियेसाठी २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वयाची वरची मर्यादा नाही. वयापेक्षा रुग्ण किती क्षीण आहे हे पाहावे, असे ती सांगतात. येथे ते खरोखर पाहिले गेले. हाताची पकड मोजली, आधार न घेता खुर्चीतून उठायला लावले, चालण्याचा वेग पाहिला आणि मांड्यांत जोर नाही असे दिसताच आधी फिजिओथेरपी करण्यास व आहारातील प्रथिने वाढवण्यास सांगून तारीख पुढे ढकलली. उतारवयात वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. साखर आटोक्यात आली पण न्हाणीघरापर्यंत एकटीने जाता येईना, असे झाले तर त्या उतरलेल्या वजनाचा उपयोग काय?

शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवतानाही हीच काळजी दिसली. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकणारी स्लीव्ह ही सध्या सर्वाधिक केली जाते, परंतु तिच्यामुळे छातीतील जळजळ वाढू शकते, आणि सासूबाईंना तो त्रास जुना असल्याने डॉक्टरांनी जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडणारी बायपास सुचवली. बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो, त्यामुळे गुडघ्यांसाठी घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद कराव्या लागतील, हे त्यांनी आम्हाला नव्हे तर थेट सासूबाईंना समजावले. त्यांच्या वयाच्या रुग्णाशी कोणी मुलासुनेच्या डोक्यावरून न बोलता थेट बोलावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

आहारतज्ज्ञ बाईंबद्दल मात्र माझे मत दोनदा बदलले. त्यांचा छापील तक्ता अंडी आणि चिकन सूप यांनी भरलेला होता, आणि आमच्या घरी तर चातुर्मासात कांदालसूणही वर्ज्य. पण एकादशीला साबुदाणा खाल्ल्यास दिवसाची किमान साठ ग्रॅम प्रथिने कुठून येणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून काढला आणि उपवासाला दूध, पनीर, दाणे अशी वेगळी आखणी करून दिली. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या एकत्र न घेता मध्ये दोन तासांचे अंतर ठेवायचे, हेही त्यांच्याकडूनच कळले.

खरी उणीव घरी सोडल्यानंतरची. मधुमेहाची औषधे लगेच कमी केली होती, रक्तदाबाची गोळी मात्र डिस्चार्ज कार्डावर जुन्याच मात्रेत राहिली. खाणेपिणे इतके कमी झालेले असताना तीच मात्रा चालू राहिल्यामुळे त्यांना उठताना चक्कर येऊ लागली. विभागाच्या क्रमांकावर फोन केला की ‘ओपीडीत दाखवा’ एवढेच उत्तर मिळे; शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्रा कमी केली. तरुण रुग्णाने अशी चक्कर निभावून नेली असती, पण या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती. त्यातून खोलीच्या स्वच्छतागृहात धरायला दांडीसुद्धा नव्हती, हे ज्येष्ठांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागाला शोभत नाही.

खर्चाबाबत थोडक्यात: आमचा कॅशलेस दावा मंजूर झाला, कारण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा निर्देशांक) ३५ च्या वर होता आणि तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचा, अहवाल जोडलेला होता, बीएमआय ४० पेक्षा कमी असेल तर विमा कंपनी अशा गंभीर सहव्याधीचा पुरावा मागते. बी१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि ठरावीक काळाने करायच्या रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. पॅकेजच्या रकमेत यातले काहीही धरलेले नव्हते आणि आगाऊ रक्कम भरेपर्यंत कोणी तसे सांगितलेही नाही.

शस्त्रक्रियेसाठी मी हाच विभाग पुन्हा निवडेन. पण घरी येण्याआधी सगळ्या जुन्या गोळ्यांची यादी फिजिशियनकडून नव्याने लिहून घेतल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करणार नाही.