ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज भरून देणारं तालुक्याचं केंद्र

काम चोख. संगणकावर बसण्याआधीच मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक ताडून पाहतात. घोषणापत्रातला एकही रकाना कोरा सोडत नाहीत, तिथे 'निरंक' लिहितात; कोरा रकाना म्हणजे छाननीत हरकतीला आयतं निमित्त. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, नसेल तर पडताळणीच्या अर्जाची पोच मागतात. 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पासचा दाखला न्यायलाच हवा. निवडणुकीचं स्वतंत्र बँक खातं आधीच उघडा, शेवटच्या दिवशी धावपळ नको.

एक मोठी उणीव आहे: निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, हे इथे कुणी सांगत नाही. तेवढ्यावरून निवडून आलेला सदस्यसुद्धा अपात्र ठरू शकतो हो!