सोयापेंड: कुठली घ्यावी आणि कुणाला घालावी

कोंबड्यांना सोयापेंड लागतेच, हे आधी मान्य करू. तिच्यात 45 ते 48 टक्के प्रथिनं असतात आणि मक्यात कमी पडणारं लायसिन (प्रथिनाचा एक घटक) ती भरून काढते. सरकी पेंड स्वस्त वाटली तरी तिच्यातलं गॉसिपॉल हे नैसर्गिक विष कोंबडीला मानवत नाही; अंडी साठवली की बलक काळपट पडतो. त्यामुळे अंडी-मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्या लेयर-ब्रॉयलरवाल्यांना सोयापेंड टाळता येत नाही; त्यांनी निदान ती कुठल्या जमिनीतली आहे, हे विचारावं.

ब्राझीलमध्ये सोयाबीन हेक्टरी 30 क्विंटलच्या पुढे जातं, आपल्याकडे सरासरी 10 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच पेंडीला आपण तिप्पट जमीन वापरतो. तरीही मी देशी पेंडीच्या बाजूने आहे. अ‍ॅमेझॉनमधलं जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन घ्यायचं नाही, असा करार तिथल्या व्यापाऱ्यांनी 2006 मध्ये केला. पण शेजारचा सेराडो त्यात नव्हता. हा विरळ झाडांचा माळ. तिथली झुडपं खोल मुळं सोडतात, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, आणि ब्राझीलच्या कितीतरी नद्या तिथून निघतात. तो नांगरला की मुळांत आणि मातीत साठलेला कार्बन हवेत जातो. तो परत साठायला पिढ्या जातात. लातूर-वाशीमचं सोयाबीन निदान आधीपासून वाहितीत असलेल्या जमिनीत येतं, तेही बहुतेक पावसाच्या पाण्यावर.

आपलं सोयाबीन निर्दोष आहे असं मात्र नाही. त्याने खरिपातली ज्वारी, मूग, उडीद मागे सारले. ज्वारी गेली तसा कडबाही गेला, आणि गाईला पेंड जास्त लागू लागली. याचं मला फार वाईट वाटतं.

2021 मध्ये पेंडीचे भाव भडकले तेव्हा केंद्राने 12 लाख टन जीएम (जनुकं बदललेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती. पुन्हा तशी वेळ आली तर पुरवठादाराला मूळ देश जरूर विचारा.

गाई-म्हशींचं गणित सोपं आहे. मोठ्या जनावराचं पोट गॉसिपॉल बऱ्यापैकी पचवतं (वासरांना मात्र सरकी घालू नका). सरकी हे कापसाचं जोडउत्पादन, तिच्यासाठी वेगळी जमीन लागत नाही. कपाशीवर फवारण्या होतात हे खरं, पण त्या रुईसाठी होतातच. पेंड कोरडी ठेवा. बुरशी धरली तर तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं. सोबत बांधावर हादगा, सुबाभूळ आणि थोडी चवळी लावली, तर साधारण दुधाच्या गाईला सोयापेंडीची फारशी गरज पडत नाही.